पुटपुटबाईंचा तास

दि. ३ जुलै

चि. खुडबुड्यास, अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिलाय. आज तो मनापासून आहे की नाही, हे पत्र वाचून तूच ठरव.

तुझे चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि तिकडे दुसरंच काहीतरी टाइप करत असतोस. बोटांची टकटक मला इथे ऐकू येते. पत्र वाचताना निदान दोन्ही हात पत्रालाच लागतात. म्हणून कागदावर लिहितेय आणि उत्तरही कागदावरच हवंय.

इमारतीच्या तुळयांना तडे गेल्यामुळे जूनपासून शाळा बंद आहे, आम्ही सगळे घरून शिकवतो, हे तुला ठाऊक आहेच. मी मागच्या खोलीत भिंतीला फळा ठोकून घेतला, कपडे वाळत घालायच्या स्टँडला फोन बांधला आणि दहावीची भूमिती सुरू केली. पहिल्या दिवशी मुलांना अर्धा तास नुसता पंखा दिसत होता. हे मी आपणहून सांगून टाकते, नाहीतर कुणाकडून तरी तुला कळेल आणि तू वर्षभर पुरवून पुरवून चिडवशील.

तर काल सही करायला शाळेत गेले. तळमजल्यावरची ऑफिसची एक खोली तेवढी उघडी असते. तिथल्या फलकावर यादी लावलीय, शिक्षकांचे डिजिटल कौशल्य म्हणून. तेवीस शिक्षक, गुणांच्या उतरत्या क्रमाने. मी एकविसावी. शंभरपैकी एकतीस. माझ्या खाली पीटीचे सर आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणारे चित्रकलेचे सर. एक पालकबाई दाखला न्यायला आल्या होत्या. त्यांनी यादीवर बोट फिरवत फिरवत माझ्यापर्यंत येऊन क्लार्कला विचारलं, की दहावीला शिकवतात त्या याच का. मी दोन हात अंतरावर उभी होते. क्लार्क बिचारा कपाटात तोंड घालून काहीतरी शोधायला लागला.

यादीखाली हुकूम आहे. ज्यांना चाळीसच्या खाली गुण, त्यांच्या तासाची सहा ऑगस्टला पुन्हा पाहणी होणार. तरीही चाळीस झाले नाहीत तर नववी-दहावी काढून घेऊन रेकॉर्डच्या खोलीत बसवणार. एकोणतीस वर्षं मी दहावीला भूमिती शिकवतेय. दोन वर्षं उरलीत. ती मी जन्मतारखांच्या नोंदी तपासत काढायची, कारण स्क्रीनवरच्या कुठल्या चिन्हाला काय म्हणतात ते मला सांगता आलं नाही.

आता मुद्द्याचं. पेपर कुणी काढला हे कुठेच छापलेलं नाही. पण तेविसाव्या प्रश्नात एका शिक्षिकेने तिची फाइल 'पिवळा डबा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलीय. आईच्या शिवणाच्या पिवळ्या डब्यात बटणांखाली आपण तुझी प्रगतिपुस्तकं लपवायचो, ते आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत आहे? परीक्षेत तो प्रश्न वाचून मला हसू आलं होतं रे. यादी बघितल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं सांग, पेपर तू काढलास का?

उत्तर येईपर्यंत तुझा फोन न उचलणारी,
ताई


दि. ९ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हो. मीच काढला.

आमच्या संस्थेकडे काम आलं होतं, की शिक्षकांना ऑनलाइन शिकवताना काय येतं आणि काय येत नाही ते शोधून द्या, म्हणजे प्रत्येकाला हवं ते प्रशिक्षण देता येईल. अठ्ठेचाळीस प्रश्न मी लिहिले. ऐंशी गुण लेखी, वीस गुण प्रत्यक्ष तासाच्या पाहणीला. पिवळा डबा गंमत म्हणून घातला. तुमच्या शाळेलाही तोच पेपर जाणार हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, यादी लावायची, चाळीसची रेघ मारायची, दहावी काढून घ्यायची, यातलं काहीही माझं नाही. ते वरच्या कार्यालयाने केलं. मी फक्त गुण कसे द्यायचे ते ठरवलं.

पण ताई, एक मलाही बोलू दे. तुझे गुण मी काढून बघितले. लेखीत एकतीस. आणि पाहणीत शून्य? तेवीस शिक्षकांत पाहणीला शून्य तुला एकटीला आहे. पीटीच्या सरांनासुद्धा बारा आहेत. तपासनिसाने शेरा मारलाय, की सर्व विद्यार्थ्यांचे माइक चालू, वर्गात मासळी बाजार. पाहणीच्या कागदावर पहिलीच चौकट आहे, की सर्व विद्यार्थ्यांचे माइक बंद आहेत का, हो किंवा नाही. तिथे 'नाही' आलं की पुढचं बघतच नाहीत. माइक बंद करायला एक बटण लागतं. अगं, तू जाणूनबुजून केलंस ना हे? तुला मी ओळखतो. आई सांगायची, लहानपणी हात धुवायला सांगितलं की तू एकच धुवायचीस.

आता नीट ऐक. सहा ऑगस्टला लेखी पुन्हा होणार नाही, फक्त पाहणी. तेवढा एक तास सगळ्यांचे माइक बंद ठेव. बाकी तू फळ्यावर शिकवतेस त्याला कुणी नावं ठेवणार नाही, वीसपैकी वीस मिळतील. एकतीस आणि वीस एक्कावन्न. दहावी तुझ्याकडेच राहील. पस्तीस मिनिटांचा प्रश्न आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची पाळी तू स्वतःवर का आणतेस?

हिचा नमस्कार. ती माझ्याशी कालपासून बोलत नाही. तुझं पत्र तिने आधी फोडलं.

माझ्यावर जेवढं चिडायचं तेवढं चीड, पण बटण दाब एवढंच मागणारा,
तुझा खुडबुड्या


दि. १४ जुलै

चि. खुडबुड्यास, अ. आ.

'उत्तम' या वेळी गाळलाय, बघितलंस ना.

गुण मी ठरवले, यादी त्यांनी लावली, हे वाक्य तू किती दिवस घोळवून लिहिलंस? खड्डा मी खणला, पडणारा आपल्या पायाने पडला, असलंच आहे हे. तुझ्या अठ्ठेचाळीस प्रश्नांत ढग आहेत, पडद्याची वाटणी आहे, उजवीकडच्या तीन ठिपक्यांचं नाव काय हे आहे. मुलाला समजलं की नाही हे बाईंना कसं कळावं, असा एक तरी प्रश्न आहे का? मी तीनदा वाचला पेपर. नाही.

आणि अंगण वाकडं आहेच. माझा वर्ग कसा चालतो तुला माहीत आहे, तूही त्याच वर्गात बसून पास झालायस. माझ्याकडे मुलं पुटपुटत गणित सोडवतात. प्रत्येक पायरी तोंडाने म्हणायची आणि मग लिहायची. मी बाकांमधून फिरते आणि ऐकते. ज्याची पुटपुट थांबली तो अडला. तिथे जाऊन उभं राहायचं. सगळं गाव मला पुटपुटबाई म्हणतं आणि मला त्याचा राग येत नाही, एकोणतीस वर्षांत माझ्याकडे आलेलं दुसरं काही कौशल्य नाही.

आता तुला एक सांगते. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी तुमच्या नियमानेच शिकवत होते. मुलांचे माइक बंद, लिहून बोलायची सोयही बंद, कारण शिस्त. त्या दिवशी स्पर्शिकेचं प्रमेय होतं. ते मी जीव ओतून शिकवते, तुला आठवत असेल. पस्तीस मिनिटं शिकवलं. मध्ये विनोदही केला. मुलं गप्प बसून बघत होती, मला वाटलं काय रमलीत. तास संपला, फोन सोडवायला गेले तर माझाच माइक बंद. सुरुवातीपासून. बावन्न मुलांनी पस्तीस मिनिटं माझं तोंड हलताना बघितलं. एकानेही सांगितलं नाही.

संध्याकाळी गृहपाठाचे फोटो आले. एकेचाळीस नंबरच्या मुलीने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की बाई, आज तुमचा आवाज येत नव्हता, पण आम्हाला बोलायची परवानगी नव्हती.

मला इतकी लाज वाटली की मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे माइक चालू. तेव्हापासून मला माझा वर्ग परत ऐकू येतो. घरातली भांडी ऐकू येतात, कुणाचा तान्हा भाऊ रडतो, कुणाच्या दाराशी कुत्रं भुंकतं, येऊ देत. त्यातून पुटपुट ऐकू येते. ती बंद करून मी तुझ्या चौकटीत बसणार नाही. एका तासासाठीही नाही.

आणि तुला खोटं वाटत असेल तर सोमवारी, एकवीस तारखेला, दहा वाजता वर्गात येऊन बस. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून ठेवते, संस्थेचा माणूस म्हणून येशील. बोलायचं नाही, मध्ये खुडबुड करायची नाही. पेपर काढण्याआधी शिक्षकाच्या वर्गात किती वेळा बसला होतास, तेही पत्रात लिही. आकडा लिही.

तुझ्या बायकोने पत्र आधी फोडलं ते बरं केलं. तिला माझे अनेक आशीर्वाद, तुझ्या वाटणीचेही तिलाच.

ताई


दि. २५ जुलै

ती. वन्संना, सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता टाकतेय. यांचं पत्र उद्या निघेल, माझं एक दिवस आधी पोचावं म्हणून घाईने लिहिते.

सोमवारी हे तुमच्या तासाला बसले होते. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. मी म्हटलं, कॅमेरा बंद ठेवणार आहात ना, मग ताई काय बघणार आहेत. तर म्हणाले, की ताईच्या वर्गात असंच बसायचं असतं. तास चालू असताना मी दारातून बघत होते. तुम्ही कुणाला तरी म्हणालात, की अरे कोन मोजलास पण बाजू विसरलास, आणि हे इथे नकळत मान डोलवत होते. चेहरा अगदी दहावीतला झाला होता.

पण तास संपल्यावर मात्र सरळ ऑफिसात फोन लावला. तीन दिवस कसल्याशा नोंदी मागवून वही भरत बसले. जेवताना वही ताटाशेजारी. मी विचारलं तर म्हणाले, की ताई बरोबर आहे आणि ताईचं फार मोठं चुकलंय, दोन्ही एकदम. बुधवारी ऑफिसातून आले ते लालबुंद. साहेबांशी भांडण झालंय एवढं कळलं. यांना साहेबांशी भांडताना मी लग्नाला अठरा वर्षं झाली तरी बघितलं नव्हतं, त्यामुळे मला जरा बरंच वाटलं.

वन्सं, उद्याच्या पत्राने तुम्ही चिडणार. मी वाचलंय ते. चिडा, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग चिडा, एवढं माझ्यासाठी करा. यांना लिहिताना हुंदका आला होता, तो कागदावर दिसणार नाही म्हणून मी सांगते.

तुमच्या दोघांच्या भांडणात तुमच्याच बाजूची,
तुमची भावजय


दि. २६ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू आकडा मागितलास. शून्य. पेपर काढण्याआधी मी एकाही शिक्षकाच्या वर्गात बसलो नव्हतो. आमच्याच ऑफिसातल्या सहा जणांना पेपर देऊन बघितला, सगळे तिशीच्या आतले, सगळ्यांना नव्वदच्या वर. मला वाटलं पेपर सोपा झाला.

सोमवारी मी ऐकलं. तू फळ्याकडे तोंड करून उभी होतीस आणि पाठमोरीच एका मुलाला म्हणालीस, की तुझी पुटपुट तिसऱ्या पायरीशी का थांबली. तो मुलगा खरोखर तिसऱ्या पायरीशी अडला होता. पाहणीच्या चौकटीत हे कुठे बसवायचं मला कळेना. मी पहिल्या चौकटीला 'पुढचं बघू नका' अशी अट घातली, ती माझ्याच डोक्यातून निघाली आहे. कुणी सांगितली नव्हती. ते माझं पाप, ते मी कार्यालयावर ढकलत नाही.

आता माझा राग ऐक.

वर्गात कोण किती वाजता आलं आणि किती वाजता बाहेर पडलं याची नोंद यंत्र आपोआप ठेवतं. ती तुझ्याच फोनवर आहे, त्या तीन ठिपक्यांत. पेपरात मी त्या ठिपक्यांचं नाव विचारलं. आत काय सापडतं ते विचारलं नाही आणि तुला कुणी दाखवलंही नाही. मी तुझ्या वर्गाची जूनपासूनची नोंद मागवली. सगळे माइक चालू असले की बावन्न घरांचा आवाज बावन्न फोनांकडे धावतो. ज्यांचं नेट बारीक, फोन जुना, त्यांना तो भार पेलत नाही. ती मुलं बाहेर फेकली जातात. तू दहाला हजेरी घेतेस, सगळी हजर असतात. दहा वाजून आठ मिनिटांनी सात मुलं बाहेर पडतात. परत येतात, परत पडतात. दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत दमून येणं सोडतात. तीच सात मुलं, ताई. सगळे माइक उघडल्यापासून रोज.

आणि जे आत राहतात, त्यांचंही ऐक. इतके आवाज एकदम आले की यंत्र मोठे चार-पाच पुढे करतं आणि बाकीचे दाबून टाकतं. तुला बावन्न ऐकू येतात असं वाटतं. तुला मोठ्याने पुटपुटणारे चार-पाच ऐकू येतात. ज्याची पुटपुट थांबली तो अडला, हे तुझं गणित बाकांमधून फिरताना खरं होतं. इथे ज्याची पुटपुट ऐकू येत नाही तो कदाचित वर्गातच नसतो. तू नियम मोडलास याचा मला राग नाही. मोडल्यावर काय झालं हे एकदाही बघितलं नाहीस, याचा आहे. त्या शाळेत कुणाला विचारायला तुझी जीभ झडली असती का? संगणकाच्या नव्या मॅडम तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात.

सात मुलांचे हजेरी क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवलेत.

साहेबांना मी लेखी दिलं, की पेपर मागे घ्या, पाहणीची पहिली अट चुकीची आहे, या गुणांवरून कुणाचा वर्ग काढू नका. साहेब म्हणाले, की पुढच्या वर्षी बघू, यंदाच्या याद्या गेल्या. मी आवाज चढवला. त्यामुळे आता या कामावर मी नाही. गुण बदलणं माझ्या हातात होतं तेव्हा बदलले नाहीत, आता हातात नाही.

म्हणून पुन्हा तेच मागतो. सहा तारखेला तेवढा एक तास माइक बंद ठेव. दहावी हातात राहिली तर त्या सात जणांसाठी काहीतरी करता येईल. गेली तर कोण करणार?

रागावलेला, आणि तुझ्याच वर्गात बसून शिकलेला,
खुडबुड्या


दि. १ ऑगस्ट

चि. खुडबुड्यास, अ. उ. आ.

चिठ्ठी उघडली. चौथा क्रमांक वाचला. एकेचाळीस.

जिने समासात लिहिलं होतं तीच. तिच्यासाठी मी माइक उघडले, असं मी स्वतःलाच सांगत होते. आणि उघडल्या दिवसापासून ती बाहेर. गेला महिनाभर तिचा गृहपाठ अर्धवट येत होता. मागच्या आठवड्यात मी तिच्या वहीच्या फोटोखाली लाल शाईने काय लिहिलं होतं सांगू? हल्ली लक्ष कुठे असतं. हे मी लिहिलं, खुडबुड्या. मी.

तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही, पण आता तो रांगेत दुसरा आहे. पहिली मी.

सातही घरी जाऊन आले. सगळीकडे एकच फोन, तोही वडील रात्रपाळीहून आल्यावर किंवा दुपारपाळीला जाईपर्यंतच मुलांच्या हाती. एकेचाळीस नंबरच्या घरी जिन्यात उभं राहिलं तरच नेट येतं. ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून भूमिती शिकते. मला बघून उठून उभी राहिली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, की बाई, मी मुद्दाम जात नाही, आपोआप बाहेर पडते. मी तिची क्षमा मागितली. तिने मला पाणी आणून दिलं.

संगणकाच्या मॅडमकडेही गेले. जीभ झडली नाही. बाई पंचविशीच्या, मला वाटलं होतं हसतील. त्यांनी वीस मिनिटांत सगळं दाखवलं: ठिपके, नोंद, कुणाचा माइक कसा उघडायचा ते. मग विचारलं, की बाई, जूनमध्येच का नाही आलात. मी म्हटलं, की एकोणतीस वर्षं लोक माझ्याकडे विचारायला येतात, मला उलट जायची सवय नाही. वीस मिनिटांचं काम. महिना गेला.

आता मी असं करते. सगळे माइक बंद. सहा मुलांचे उघडायचे, त्यांनी पुटपुटायचं, मी ऐकायचं. पाच मिनिटांनी पुढचे सहा. तीन दिवस झाले, ते सातही दहा-वीसच्या पुढे टिकलेत. रोज ठिपक्यांत जाऊन बघते.

सहा तारखेचं म्हणशील तर तुझं गणित बरोबर आहे. वर्ग राहिला तर मुलं राहतील. मी माइक बंद ठेवेन. पस्तीस मिनिटं तोंड मिटून घेणं जमायलाच हवं, या वयात तरी. हे लिहितानाही दात आवळलेत, पण ठेवेन.

तुला त्या कामावरून काढलं त्याचं वाईट वाटतं. आवाज चढवलास त्याचं नाही.

ताई


दि. २० ऑगस्ट

चि. खुडबुड्यास, अ. उ. आ., आणि तुझ्या बायकोलाही.

तुला निकाल कळला असेलच. एकतीस. पाहणीत शून्य.

मी तुला शब्द दिला होता आणि मोडला. कसा मोडला ते सांगते, मग काय बोलायचं ते बोल.

दहा वाजता सगळ्यांचे माइक बंद केले. तपासनीस कोपऱ्यातल्या चौकटीत, कानाला हेडफोन लावून. मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की उद्या ऐकणार नाही, नुसतं बोलणार. त्यांनी मुकाट माना डोलवल्या. पाच मिनिटं बरं चाललं. मग फळ्याकडे वळून पायरी लिहिली आणि सवयीने थांबले. मागे काही नाही. वळून बघितलं तर बावन्न चेहरे, ओठ हलतायत आणि आवाज नाही. पुटपुटत होती रे मुलं. माइक बंद असूनही, रोजच्यासारखी. जूनमध्ये मी त्यांना जशी दिसले होते तशी ती मला दिसत होती.

मला नाही जमलं. पहिल्या सहांचे माइक उघडले. मग पुढच्या सहांचे. तपासनिसाने एकदा मध्येच लिहून विचारलं, की बाई, चुकून चालू झाले का. मी म्हटलं, मुद्दाम. दिसला मला त्याचा चेहरा, त्यालाही वाईट वाटत होतं, पण त्याच्या कागदावर सहा-सहाला चौकट नाही. हो किंवा नाही. त्याने 'नाही'वर खूण केली. तुझी चौकट आहे ती, तुला मी दोष देते आणि देत राहीन. पण बटण मी दाबलं. तेही सांगते.

सोमवारपासून दहावीची भूमिती विज्ञानाच्या सरांकडे गेली. माणूस वाईट नाही. शहाऐंशी गुण पडलेत त्याला यादीत, आणि भूमितीचं पुस्तक माझ्याकडून मागून नेलं. त्याला सहा-सहाची पद्धत सांगितली. तो म्हणाला, की पुढची पाहणी होईपर्यंत माझी हिंमत नाही. तुझी यादी माणसाला एवढं शहाणं करते.

मी रेकॉर्डच्या खोलीत बसते. एक टेबल, चार कपाटं, वाळवी लागलेली रजिस्टरं. संगणक नाही, हे हुकूम काढणाऱ्यांनी विचार करूनच केलं असेल, एकतीस गुणांच्या बाईला काय करायचाय. पहिल्या दिवशी इतकी चिडले होते की १९७१ सालचं रजिस्टर हातात घेऊन तासभर एकच पान बघत होते. मग टेबलाखालचं खोकं सरकवलं तर त्यामागे भिंतीला जोडलेला वायरचा जुना फोन. उचलून कानाला लावला. चालू होता.

सातही घरांचे नंबर माझ्या वहीत होतेच. रोज सकाळी अकराला, दहावीचा तास संपला की मी एकेकाला फोन लावते. साधा फोन. नेट लागत नाही, बटण लागत नाही, कुणी बाहेर फेकलं जात नाही. मूल पायरी म्हणतं, मी ऐकते. थांबलं की विचारते. प्रत्येकाला सात-आठ मिनिटं. मुख्याध्यापिकाबाई काल दारात येऊन उभ्या राहिल्या, विचारलं, की बाई, एवढे कुणाशी फोन चाललेत. मी म्हटलं, नोंदी तपासतेय. पायथागोरसचं नाव त्यांना ऐकू गेलंच असणार, पण त्या दार ओढून घेऊन गेल्या. उद्या बंद करायला लावतील की नाही माहीत नाही. लावलं तर घरून करीन.

दहावी गेली याचा राग आहे, आणि तो निवृत्तीनंतरही राहणार आहे. तुझ्या बायकोला सांग, की समजूत घालायला पत्र पाठवू नकोस, नुसतं पत्र पाठव. आणि तू पुन्हा कधी पेपर काढलास तर आधी येऊन माझ्यासमोर बस. पिवळा डबा खुशाल घाल. त्याच्यासकट कुठला प्रश्न ठेवायचा ते मी सांगेन.

एकेचाळीस नंबरला पहिल्या दिवशी सगळ्यात शेवटी फोन केला, कारण तिच्याशी बोलायची मलाच भीती वाटत होती. ती जिन्यातच होती, मागे पायऱ्यांवरून कुणाची तरी पावलं येत-जात होती. मी नाव सांगायच्या आधीच तिने ओळखलं आणि घाईघाईने विचारलं, की बाई, माझा आवाज येतोय ना. मी म्हटलं, येतोय. मग ती पहिली पायरी म्हणायला लागली.

भांडायचं राहिलंय ते समोरासमोर भांडू, माया मात्र टपालाने पाठवत राहा.

तुझी,
ताई